'होमटाऊन चा-चा-चा': सुरुवातीलाच अडकलेय, पुढे बघू का?

कांचनमृग
बहिणीने मागे लागून ही कोरियन मालिका सुरू करायला लावली. समुद्र छान, नायिका शिन मिन-आ छान, पण तो नायक हाँग दू-शिक डोक्यात जातोय. कुणी विचारलेलं नसताना सल्ले देतो. नायिका बाई, दाताची डॉक्टर ह्ये-जिन, नव्या गावात आलीय, माईक चालू राहिला आणि त्या कॅफेवाल्या गायकाबद्दल नको ते बोलून बसली, तर हा तिला गावात कसं राहायचं ते शिकवतो. सोळा भाग आहेत, एकेक सव्वा तासाच्या आसपास. पुढे तो सुधारतो की असाच? शेवट सांगितलात तरी चालेल, मला फरक पडत नाही.

सोमवारचीसुट्टी
बघा हो बिनधास्त. सासूचा छळ नाही, अब्जाधीश वारसदार नाही, खलनायकही नाही. दू-शिक झालेल्या किम सन-होच्या खळ्यांसाठी मी परत पाहिली.

दातकोरणं
मी दाताची डॉक्टर. पुण्यात एका मोठ्या क्लिनिकमध्ये नोकरी केली, आता कोकणात तालुक्याच्या गावी स्वतःचा दवाखाना आहे. त्यामुळे ही मालिका मी जरा वेगळ्या डोळ्यांनी पाहिली.

ह्ये-जिन सोल का सोडते आठवतंय ना? पेशंटला गरज नसलेल्या ट्रीटमेंट गळ्यात मारायच्या, असा वरून आग्रह. ती भांडून राजीनामा देते, रात्री पिऊन ऑनलाइन सगळं लिहून टाकते आणि मग तिला कुणी दारात उभं करत नाही. हे अगदी खरं आहे. महिन्याचं टार्गेट मीही भोगलंय. पण लेखिकेने हा धागा नायिकेला समुद्रकिनारी पोचवण्यापुरता वापरला आणि सोडून दिला. डेंटल चेअर, एक्स-रे मशीन, जागेचं भाडं, मदतनीस मैत्रिणीचा पगार, सगळं आलं कुठून? माईकच्या प्रकरणानंतर गाव फिरकत नाही तेवढीच काय ती आर्थिक चिंता, तीही लगेच मिटते. बाईसाहेबांचे कपडे बघता कर्जाचा हप्ता नावाची गोष्ट कोरियात नसावी.

आता दुसरी बाजू. गावातल्या गाम-री आजीच्या दातांचा प्रसंग. माकुळं साफ करायला बसणारी, चावायला मात्र न जमणारी म्हातारी. दुखतं ते लपवते, कारण सोलमधल्या मुलाला खर्चात पाडायचं नाही. ह्ये-जिन इम्प्लांट, म्हणजे हाडात पक्का बसवायचा कृत्रिम दात, सुचवते तर हिचं एकच, नुसता काढून टाक. आणि ह्ये-जिन गोड बोलत नाही, चिडते. आईबाप दुखणं लपवतात तेव्हा मुलांना काय वाटतं, हे तिला आई लहानपणीच गेल्यामुळे ठाऊक आहे. माझ्याकडे अशा आज्या येतात. 'तेवढा उपट, बाकी राहू दे,' म्हणतात आणि पदराच्या गाठीतल्या नोटा मोजतात. कोरियात 65 वर्षांवरच्यांना सरकारी आरोग्यविम्यातून दोन इम्प्लांटना मदत मिळते, साधारण 30 टक्के पेशंटने भरायचे. पण तिसऱ्यापासून सगळं स्वतःच्या खिशातून. तेव्हा आजीचा हट्ट उगाच रडवण्यासाठी घातलेला नाही. आजी झालेली किम यंग-ओक ज्या तऱ्हेने जीभ गालात फिरवून विषय बदलते ना, ते केवळ बघण्यासारखं.

दू-शिकबद्दल तुमचं बरोबर आहे, त्याचा आगाऊपणा खटकतो. मला मात्र त्याच्या अति चांगलेपणाचा जास्त त्रास झाला. नळ दुरुस्त करतो, घर शोधून देतो, कॉफी करतो, आणि तासाला किमान वेतनच घेतो. 2021 चं 8,720 वॉन, वर एक वॉन नाही. पुरुष इतका बिनडागाचा असला की मला आधी संशय येतो.

आगाऊ_काका
माझ्या आयडीवर टीका झाल्याचा निषेध!
आणि बिनडागाचा कसा? शेवटी सगळं बाहेर येतं की. आधी फंड मॅनेजर होता, ओळखीच्या सिक्युरिटी गार्डचे पैसे बुडाले, त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. पाठोपाठ अपघातात जिवलग मित्र गेला. त्या अपराधाच्या ओझ्याखाली माणूस गावात परत आलाय. 2004 च्या ज्या सिनेमावरून ही मालिका घेतली त्याला दोन तासांत हे जमलं नसतं.

दातकोरणं
काका, ओझं खरं आहे, पण ते उलगडलं कसं ते बघा. त्या गार्डचा मुलगा नेमका शूटिंगसाठी गावात आलेल्या टीव्हीच्या टीममध्ये. मेलेल्या मित्राची बायको नेमकी त्या टीमच्या दिग्दर्शकाची, म्हणजे संग-ह्यनची, चुलतबहीण. इतके योगायोग आपल्या सातच्या मालिकेत आले असते तर आपण टीव्ही बंद केला असता. बारा-तेरा भाग 'मी सांगणार नाही' म्हणून ताणायचं आणि मग दोन भागांत दुःखाचा ट्रक रिकामा करायचा. आजोबा गेले ती 2002 च्या वर्ल्डकपच्या मॅचची आठवण एकटीच पुरेशी होती. पोर मॅच बघतंय आणि तिकडे आजोबा जातात. एवढ्यावर माणूस आयुष्यभर स्वतःला माफ करत नाही हे पटतं.

संग-ह्यन मात्र मस्त लिहिलाय. कॉलेजपासून ह्ये-जिनवर जीव, बोलतो इतक्या उशिरा की गाडी सुटलेली. तरी तो आणि दू-शिक एकमेकांचे मित्रच होतात. दुसऱ्या हिरोला इतक्या मानाने वागवणं कमीच दिसतं.

सोमवारचीसुट्टी
मालिकेतलं ते गोंगजिन गाव खरं नाहीये बरं का. शूटिंग कोरियातल्या पोहांगला झालंय, तो छंगहाचा बाजार आणि टेकडीवरची होडी बघायला लोक तिकडे जातात. मी यादीत टाकलंय, पासपोर्ट काढायचाय अजून.

कांचनमृग
डॉक्टर, मग मधले भाग गाळून शेवटाकडे जाऊ का?

दातकोरणं
उलट करा. मधलेच बघा. क्लिनिकमध्ये अंगचटीला येणाऱ्या पेशंटला ह्ये-जिन लाथ घालते तिथपर्यंत तरी थांबा. मागून दू-शिक उडी मारून येतो खरा, पण पहिली लाथ तिची. तिथे तुमचं जमलं तर तेराव्या भागापर्यंत आरामात जाल. पुढचं इस्त्री करताना. शेवटच्या भागात मात्र इस्त्री बंद ठेवा, गाम-री आजी आहे.