जुना वेबर जेनेसिस ज्युनिअर गॅस ग्रिल घेऊ का?

रश्श्याची_वाटी: मंडळी, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला टाउनहाउसमध्ये राहतो, मागे छोटासा पॅटिओ आहे. जवळच्या गराज सेलमध्ये वेबरचा जेनेसिस ज्युनिअर दिसलाय, दोन बर्नरवाला, बाजूला लाकडी पट्ट्यांचं टेबल, ३० डॉलर सांगतोय. झाकणाच्या आतून काळा रंग पापुद्रे होऊन सुटतोय आणि आतल्या पट्ट्या गंजून तुटल्यात. नवरा म्हणतो भंगार आहे. मला लहानच हवाय, वांगी, कणसं आणि पापलेट एवढंच करायचंय. घेऊ का?

विस्तव_वऱ्हाडी: आधी उचल, विचार नंतर :) तो रंग नाहीये गं, धूर आणि चरबी जळून बसलेली असते, ब्रशने खरवडून काढ नाहीतर पडेल कणसावर. खालचा डबा ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा असतो, त्याला लोखंडासारखा गंज लागत नाही, म्हणून तर नव्वदच्या दशकातले हे ग्रिल अजून चालू आहेत. तो कुठे तडकलाय का तेवढं बघ, तडकला असेल तर सोड. गंजलेल्या पट्ट्या म्हणजे फ्लेवरायझर बार (बर्नरवर झाकण म्हणून बसणारे पत्रे), ते बदलायचेच असतात, वेबरच्याच स्पिरिट ५०० आणि सिल्व्हर ए मॉडेलचे साडेएकवीस इंची बसतात पण टेप लावून मोजून घे आणि स्टेनलेसचेच घे.

निळी_ज्योत: +१, पण गॅसच्या बाबतीत काटकसर नको. होज (गॅसची रबरी नळी) आणि रेग्युलेटर नवीनच लाव. बर्नरच्या नळ्यांत कोळी जाळी करतात (खरंच!), मग ज्योत पिवळी होते किंवा उलटी नॉबकडे येते, त्यामुळे नळ्या काढून ब्रश फिरव, सगळे जोड साबणाच्या पाण्याने तपास, बुडबुडा दिसला की बंद. सोबत सिलिंडर फुकट देत असेल तर कॉलरवरची तारीख बघ. जुना गोल चाकाचा व्हॉल्व असेल तर २००२ पासून तो भरून देत नाहीत, तिकोनी मुठीचा लागतो. आणि हो, टाउनहाउसच्या असोसिएशनचे नियम वाच आधी.

खापरी_भाजी: पापलेटला रवा लावू नकोस, जाळीला चिकटून जळतो, नुसतं हळद, तिखट, मीठ, आमसुलाचं आगळ. झाकण लावून १० मिनिटं तापव, जाळीला तेल पूस, मग मासा टाक आणि सुटेपर्यंत हात लावू नकोस. वांग्याला टोचे मारून तेल लाव, आधी थेट ज्योतीवर फिरव, मग एक बर्नर बंद करून त्या बाजूला सरकव आणि झाकण लाव, आतपर्यंत मऊ शिजतं. चुलीतल्या निखाऱ्याची चव मात्र येत नाही, उगाच कोणी येते म्हणून सांगू नये.

रश्श्याची_वाटी: २५ ला दिला त्याने! डबा धड आहे, नियमांतही बसतंय. टेबलाची एक पट्टी कुजलीय, काय लावू?

विस्तव_वऱ्हाडी: सीडरचं लाकूड. जुनी पट्टी नमुना म्हणून घेऊन जा, दुकानात कापून देतात. प्रेशर ट्रीटेड लाकूड नको, त्यावर ताटं ठेवणार तू.