तीन कथानकं बंदरावर आणली, पण जुळत नाहीत

मिठागर:
फॅन्टसी कादंबरी लिहितोय, १९० पानं झाली. मिठागरातून पळालेली मुलगी, गडावर कैदेत असलेला वैद्य आणि एक व्यापारी तांडा, असे तीन धागे. शेवटी सगळे एका बंदरावर भेटतात. बायकोने वाचलं आणि म्हणाली, "वैद्याची प्रकरणं गाळली मी. काही अडलं नाही." गाळली याचं नाही, 'अडलं नाही' याचं लागलं. काय करू?

दोनपानी:
वैद्य उडवा. सुटलात!

पुस्तकी_किडा:
उडवू नका हो. वहिनींनी दुखणं मात्र अचूक पकडलंय. बंदरावरची तुमची भेट म्हणजे एसटी स्टँड: तीन गाड्या लागल्या, तीन माणसं उतरली. गुंता भेटीच्या आधी व्हायला हवा.

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' काढा. दुसऱ्या खंडात (१९५४) टोल्किन सरळ दोन तुकडे करतो. आधी राजवंशातला योद्धा अ‍ॅरागॉर्न याच्याकडची मंडळी, मग शेवटपर्यंत नुसते अंगठी नष्ट करायला निघालेला बुटका फ्रोडो, त्याचा सोबती सॅम आणि वाटाड्या गोलम. पहिल्या वाचनात मी चिडून पुस्तक मिटलं होतं. पण बघा, सॉरॉन या दुष्ट अधिपतीच्या मिनास मॉर्गुल गडातून सैन्य बाहेर पडताना फ्रोडो लपून पाहतो. तिसऱ्या खंडात अ‍ॅरागॉर्नच्या बाजूच्या मिनास तिरिथ शहरावर तेच चालून येतं, तेव्हा ते आपल्या ओळखीचं असतं. वाटेत फ्रोडोला भेटलेला सेनानी फॅरामिर त्या शहरात परततो आणि फ्रोडोच्या मित्राला, पिपिनला पाहून सांगतो की असला बुटका मी आधीही पाहिलाय. झालं, टाका पडला! फ्रोडो तिथून कोसो दूर आहे.

आणि अ‍ॅरागॉर्न मूठभर सैन्य घेऊन सॉरॉनच्या देशाच्या काळ्या दरवाजाशी जातो ते कशाला? सॉरॉनची नजर तिकडे वळावी, फ्रोडोची वाट मोकळी व्हावी म्हणून. आपल्याकडे भारतीय युद्धाच्या तेराव्या दिवशी याच्या उलट घडतं. संशप्तक, म्हणजे मरेपर्यंत लढायची शपथ घेतलेले योद्धे, अर्जुनाला दूर गुंतवून ठेवतात, आणि इकडे चक्रव्यूहात अभिमन्यू एकटा पडतो.

तुमच्या वैद्याने गडावर असं काय केलं की मुलीचा रस्ता बदलला? आणि तारखांचा तक्ता करा. टोल्किनच्या परिशिष्टात दिवसवार नोंदी आहेत: १५ मार्चला पेलेनॉरची लढाई, २५ मार्चला अंगठीचा नाश.

मिठागर:
जुनं कालनिर्णय घेऊन तक्ता केला. लाज वाटली. मुलगी पौर्णिमेला मध्यरात्री खाडीतून चालत जाते आणि त्याच रात्री वैद्य अमावास्येच्या काळोखात तट उतरतोय!

खाडीकाठ:
पौर्णिमेला मध्यरात्री चालत? आमच्याकडे तेव्हा उधाणाची भरती असते, पोरगी बुडेल. पहाटे सहाच्या सुमारास न्या तिला. पाणी पार उतरलेलं असतं आणि चंद्र मावळतीला.

मिठागर:
वा! मग असं करतो. वैद्य स्वतःला पळता यावं म्हणून पहारेकऱ्यांच्या काढ्यात अफू घालतो. ते झोपतात, म्हणून खाली खाडीतली मुलगी कुणाला दिसत नाही. तिला हे कधीच कळत नाही. वैद्याला मात्र आता चांदण्यातच तट उतरावा लागणार, बघतो कसं ते. नवी पानं काल रात्री बायकोला दिली. तांडा अजून लटकलेलाच आहे.

दोनपानी:
तांडा उडवा.