'किंग्जमन' : जुन्या हेरपटांवरचं प्रेम की नुसता रक्तपात?

छत्रीवाला
मॅथ्यू वॉनचा 'किंग्जमन: द सीक्रेट सर्व्हिस' (२०१५) परत पाहिला आणि परत तेवढाच आवडला. २००२ मध्ये 'द बोर्न आयडेंटिटी'चा नायक जेसन बोर्न आला आणि हेर म्हणजे कायम धास्तावलेला, दुखावलेला माणूस असं समीकरण झालं. २००६ च्या 'कसिनो रोयाल'नंतर बाँडही त्याच वाटेला लागला. ते चित्रपट मला आवडतात, पण हेरपटातली मौज त्यात आटली होती. ती 'किंग्जमन'नं परत आणली. बुटाच्या टोकातून निघणारं विषारी पातं थेट १९६३ च्या 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' या बाँडपटातलं! खलनायक व्हॅलेंटाइन आणि किंग्जमन या गुप्त संघटनेचा हेर हॅरी (कॉलिन फर्थ) जेवताना जुन्या हेरपटांबद्दल बोलतात तो प्रसंग बघा. चांदीच्या झाकणाखाली बर्गर आहेत, दोघंही एकमेकांना जोखतायत, आणि तरी दोघांचं त्या चित्रपटांवरचं प्रेम खरं आहे. मला तर तो चित्रपटाचा गाभाच वाटतो.

नेमस्त
पूर्ण असहमत. जुन्या चित्रपटांतल्या वस्तू उचलल्या म्हणजे त्यांचा आत्मा येत नाही. त्या बाँडपटांत माणसं मरायची, पण मरणाचा सोहळा नसायचा. इथे चर्चमधला प्रसंग आहे. व्हॅलेंटाइनच्या सिमकार्डमुळे सगळ्यांचा स्वतःवरचा ताबा सुटलाय, म्हणजे मारणारा हॅरी आणि मरणारे दोघंही असहाय. आणि मागे वाजतंय काय, तर जोशातलं गिटार! ती माणसं आधी द्वेषानं भरलेली दाखवलीत, म्हणजे आपल्याला टोचणी लागायला नको. ही लबाडी आहे.

छत्रीवाला
नेमस्त, तुम्ही प्रसंग अर्ध्यावर सोडताय. हॅरी बाहेर येतो तेव्हाचा कॉलिन फर्थचा चेहरा आठवा. आपल्या हातून काय घडलं हे त्याला उमगलंय, आणि पुढच्याच क्षणी व्हॅलेंटाइन त्याला गोळी घालतो. जुन्या चित्रपटांत खलनायक नायकाला लांबलचक योजना ऐकवून पळायची संधी द्यायचा. हा तसला चित्रपट नाही, असं व्हॅलेंटाइन स्वतःच म्हणतो. त्या गोळीनंतर पुढचं काहीच गृहीत धरता येत नाही.

नेमस्त
चेहरा काही सेकंद आणि कत्तल काही मिनिटं. कॅमेरा कशावर खूश आहे ते उघड आहे. पुढे व्हॅलेंटाइनच्या बाजूच्या लोकांची डोकी फुटतात तेव्हाही आतषबाजी आणि इंग्रज संगीतकार एडवर्ड एल्गारचं संगीत.

जुनी रीळ
मायकेल केनबद्दल कुणीच बोलत नाही याचं आश्चर्य वाटतं. १९६५ च्या 'द इप्क्रेस फाइल'मध्ये तो हॅरी पामर होता : चष्मा लावणारा, स्वतः स्वयंपाक करणारा, कामगार वर्गातला हेर. तो चित्रपट बाँडचाच एक निर्माता हॅरी सॉल्ट्झमन यानं काढला होता. 'किंग्जमन'मध्ये पामरसारखा जाड काड्यांचा चष्मा कॉलिन फर्थला मिळाला, आणि केन झालाय संघटनेचा प्रमुख आर्थर, ज्याला साध्या वस्तीतला एग्सी (हॅरीनं आणलेला तरुण नायक) हेर म्हणून नकोच आहे. मरताना मात्र त्याचे उच्चार घसरतात आणि आतली कॉकनी, म्हणजे लंडनच्या कामगारांची बोली बाहेर पडते. म्हणजे तोही खालूनच वर आलेला! साठच्या दशकातला हेरपट माहीत असेल त्यालाच या निवडीची खरी किंमत कळेल. एवढा विचार नुसत्या उचलेगिरीत नसतो.

नेमस्त
हा मुद्दा चांगला आहे, मान्य. पण मग वर्गाबद्दल चित्रपट शेवटी सांगतो काय? एग्सी उत्तम शिवलेला सूट घालतो आणि सभ्य ठरतो. पामरला असल्या सूटची गरज पडली नव्हती.

सावली
मला हाणामारी चालली, पण स्वीडनच्या राजकन्येचा शेवटचा विनोद नाही. बाँडच्या शेवटांची ती थट्टा आहे असं म्हणतात. थट्टा करायची तर त्या बाईला काही माणूसपण द्यायला हवं होतं. इथे ती आधी कैदी आहे आणि मग बक्षीस, म्हणजे जुनंच दुखणं आणखी भडक करून मांडलंय. याच चित्रपटात एग्सीबरोबरची उमेदवार रॉक्सी हेर निवडायच्या शेवटच्या परीक्षेत एग्सीच्या पुढे जाते आणि तिला असल्या कुठल्याच विनोदाची गरज पडत नाही.

छत्रीवाला
सावली, त्या विनोदाची बाजू मीही घेणार नाही. पण त्यावरून सगळा चित्रपट निकालात काढू नका. व्हॅलेंटाइनला रक्त बघून ओकारी येते, त्याच्या साथीदारिणीचे पाय म्हणजे पाती आहेत. 'गोल्डफिंगर' या बाँडपटातल्या ऑडजॉबच्या धारदार टोपीची ही थेट वंशज. आणि एवढ्या अचाट कल्पना असूनही कुणी नट प्रेक्षकाकडे बघून डोळा मारत नाही. फर्थ हॅरीची ती गोळ्या झाडणारी छत्री अशी हाताळतो की जणू जगात दुसरं शस्त्रच नाही.

नेमस्त
फर्थबद्दल वाद नाहीच. माझा वाद कॅमेऱ्याशी आहे, आणि तो तुम्ही अजून खोडलेला नाही.