जर्मनीत शिकायला किंवा फिरायला येताय? काय आणायचं, काय इथे घ्यायचं - अनुभव लिहा

ऑगस्ट उजाडला की आमच्याकडे फोन सुरू होतात. कुणाच्या मावसबहिणीची मुलगी, कुणाच्या शेजाऱ्यांचा मुलगा, विंटर सेमिस्टरला जर्मनीला निघालेत आणि घरात सामानाची यादी चाललीये. यादी ऐकली की हसावं की रडावं कळत नाही, त्यात डझनभर टूथपेस्ट असतात, पाच किलो तांदूळ असतो आणि प्लगचा अ‍ॅडॅप्टर मात्र नसतो. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला सुटतात ९९२ युरो, त्यातच भाडं, इन्शुरन्स, खाणंपिणं सगळं, त्यामुळे कुठे पैसे घालवायचे आणि कुठे नाही हे निघायच्या आधी कळलेलं बरं. तुम्ही स्वतः जे केलंय तेच लिहा, यूट्यूबवरच्या याद्या नकोत. सुरुवात मीच करते.

रविवारी दुकानं बंद असतात. सगळेच सांगतात, तरी नवीन पोरं शनिवारी रात्री उतरतात आणि रविवारभर विमानातल्या बिस्किटांवर काढतात. मोठ्या रेल्वे स्टेशनातली आणि विमानतळावरची सुपरमार्केटं, पेट्रोल पंपावरची छोटी दुकानं तेवढी उघडी असतात, पण पंपावर सगळंच महाग. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिक वगैरे, दुकानं रात्री ८ ला बंद होतात, तिथे लॅबमधून रमतगमत आलं की संपलं. आणि ३ ऑक्टोबरची राष्ट्रीय सुट्टी नेमकी तुम्ही आल्या आल्या येते, ती शनिवारी आली तर सलग दोन दिवस शटर डाऊन. बाकी आल्डी, लिडल, पेनी, नेट्टो ही स्वस्त दुकानं, रेवे आणि एडेका जरा महाग असं म्हणतात, पण रेवेचा 'या' (ja!) नावाचा ब्रँड बघा, पीठ-साखर-पास्ता त्याच भावात मिळतं. शेल्फवरच्या लेबलावर बारीक अक्षरात किलोचा किंवा लिटरचा भाव लिहिलेला असतो, मोठ्या आकड्यापेक्षा तो वाचायची सवय लावा.

आखेनहून, मास्टर्स संपत आलंय

सामानाचं सांगतो. कुकर आणा, पण आधी चुलीचं विचारा. हॉस्टेलला काचेच्या हॉटप्लेट असतील तर अ‍ॅल्युमिनियमचा चालतो, इंडक्शन असेल तर तो नुसता शोभेला, मग तळाला इंडक्शन लिहिलेला स्टीलचा घ्या. जास्तीची रिंग, शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह बॅगेत टाका, त्यांना वजन काही नाही. मिक्सर आणला तरी चालतो, व्होल्टेज इथेही २३०च आहे, फक्त आपला तीन पिनांचा प्लग इथे बसत नाही. त्यापेक्षा भारतातला एक एक्स्टेंशन बोर्ड आणि एकच चांगला अ‍ॅडॅप्टर आणा, सगळं त्यावर चालतं. गोडा मसाला, कांदा लसूण मसाला, मेतकूट, आमसुलं हे आणाच, इथल्या इंडियन स्टोअरमध्ये सगळा माल पंजाबी नाहीतर दक्षिणी, आपलं काही मिळालंच तर नशीब. तांदूळ-डाळ अजिबात आणू नका, तूरडाळसुद्धा इंडियन, श्रीलंकन नाहीतर अफगाणी दुकानात मिळते.

वरच्यांना, कुकरबद्दल

मी कुकरशिवाय सगळं शिक्षण काढलं हो. लाल मसूर वीस मिनिटांत पातेल्यात शिजते, राजमा-छोले टिनमध्ये उकडलेले मिळतात, लिडलमध्येसुद्धा. शेअर्ड फ्लॅटमध्ये पहिली शिट्टी झाली तेव्हा शेजारच्या खोलीतला मुलगा स्फोट झाल्यासारखा पळत आला होता असं एक मैत्रीण सांगते. कुकरच्या दोन-अडीच किलोत चांगले बूट येतात, तेही भारतातून नका आणू पण ते नंतर लिहिते.

फ्रँकफर्ट विमानतळावर बऱ्याच जणांना घ्यायला जातो

एक कळकळीची विनंती, आईने दिलेलं तूप, पेढे, पनीर, मटणाचं सुकं (सुका जवळा चालतो), असं दुधाचं आणि मांसाचं काहीही युरोपियन युनियनच्या बाहेरून आणायला बंदी आहे, कस्टमवाल्यांनी बॅग उघडली तर डब्यासकट कचऱ्यात जातं. ताजी फळं-भाज्यांनाही सर्टिफिकेट लागतं, त्यामुळे आंब्याची पेटी, कढीपत्त्याच्या काड्या विसरा, कढीपत्ता इथे फ्रोझन मिळतो. अननस, केळी, नारळ, खजूर आणि तो डुरियन एवढ्यांनाच त्या सर्टिफिकेटमधून सूट आहे. सुकं खोबरं मात्र चेक-इन बॅगेत ठेवू नका, ते पेट घेणारं म्हणून आपल्याकडच्या विमानतळावरच काढून ठेवतात. किसलेलं खोबरं इथे बेकिंगच्या शेल्फवर पाकिटात असतं.

लेकीकडे आलेय, स्टुटगार्ट

मी काही इथे राहत नाही पण दर उन्हाळ्यात येते, तर स्वयंपाकघराचं मी लिहिते. श्रीखंडासाठी दही टांगत बसू नका. 'क्वार्क' नावाचा डबा मिळतो कुठल्याही दुकानात, अर्धा किलोचा घ्यायचा, आणि त्यावर ४० टक्के लिहिलेला घ्यायचा, 'मागर' लिहिलेला नाही, तो कोरडा आणि खरखरीत लागतो. पंच्यात बांधून रात्रभर फ्रिजमध्ये चाळणीवर ठेवायचा, थोडंसंच पाणी सुटतं. मग पिठीसाखर फेटायची, केशर-वेलदोडा मी घरून आणते. जावई जर्मन आहे, तो ब्रेडला लावून खातो, मी बघत नाही तिकडे. तूप मीठ नसलेल्या लोण्याच्या अडीचशे ग्रॅमच्या वड्या आणून कढवते, रवाळ होतं. शिऱ्याला 'ग्रीस' म्हणून रवा मिळतो. मैदा पाहिजे तर ४०५ नंबरचं पीठ, पोळ्यांना मात्र ते घेऊ नका, चामडं होतात, आपला आटा इंडियन दुकानातनं दहा किलोची गोणी घ्यावी, दोघा-तिघांनी वाटून. आणि जिरं घेताना 'क्रॉइत्सक्युमेल' बघून घ्या, नुसतं 'क्युमेल' म्हणजे शहाजिऱ्यासारखं वेगळंच, फोडणीचा वास बदलतो. कोथिंबीर तुर्की दुकानात, जुडी केवढी मोठी! भेंडी, छोटी वांगी, हिरव्या मिरच्या पण तिथेच.

ड्रेस्डेन, पहिलं वर्ष

बाटल्यांचं कुणी लिहिलं नाही. पाण्याच्या, कोकच्या प्लास्टिक बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट डिपॉझिट असतं, ते भावाच्या वर बिलात लागतं, म्हणजे शेल्फवर १९ सेंटची दिसणारी बाटली ४४ ला पडते. रिकामी झाली की दुकानातल्या मशीनमध्ये घालायची, ती गोल फिरवून बारकोड वाचते, त्यामुळे चुरगाळू नका आणि लेबल फाडू नका. सगळ्या संपल्या की हिरवं बटण, चिठ्ठी येते, ती कॅश काउंटरवर द्यायची, बिलातनं वजा होते किंवा सुट्टे देतात. बिअरच्या काचेच्या बाटलीला बहुतेक ८ सेंट. आमच्या मजल्यावर पार्टी झाली की दुसऱ्या दिवशी बाटल्या कोण नेणार यावर मीटिंग होते, एकदा पोतंभर घेऊन गेलो तर आठवड्याची भाजी निघाली. आणि पाणी विकत घ्यायचं कारणच नाही, नळाचं पितात सगळे.

परत मीच, बुटांबद्दल लिहिते म्हटलं होतं

थंडीचे कपडे आणि बूट भारतातून आणू नका. आपल्याकडे मिळणारं जाडजूड जॅकेट वारा आणि पाऊस अडवत नाही, इथे बर्फापेक्षा वारा-पावसाचाच त्रास जास्त. एक साधं जॅकेट अंगावर घालून या, मग डेकॅथलॉनमधून वॉटरप्रूफ घ्या, किंवा सेकंडहँड. ऑक्सफॅमची दुकानं आहेत मोठ्या शहरांत, तिथे लोकरीचे कोट फार छान निघतात. थर्मल मात्र आपल्याकडचे चांगले आणि स्वस्त, ते भरा. चष्मा लागत असेल तर दोन जोड्या करून आणा, इथे महाग.

बर्लिन, नोकरी करतो आता

फर्निचरसाठी क्लाइनआनत्साइगेन, जुन्या वस्तू विकायची वेबसाइट, पूर्वी ईबे क्लाइनआनत्साइगेन होतं ते. गादी सोडून सगळं तिथून घेतलंय. इथे एक गंमत आहे, भाड्याचा फ्लॅट घेतला तर स्वयंपाकघर रिकामं असू शकतं, ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही, भिंतीतून दोन पाइप बाहेर आलेले. आधीचा भाडेकरू ते विकून जातो, तर कराराच्या आधीच विचारा. घेताना वस्तू बघा, रोख द्या, उचला. समोरचा 'कुरिअरवाला येईल, या लिंकवर कार्ड नंबर भरा' म्हणाला की तिथेच संपवा, माझ्या रूममेटचे ४०० युरो असेच गेले. सायकलपण तिथून घेतात, पण फ्रेम नंबर आणि जुनी पावती मागा, चोरीची निघाली तर हातची जाते. पुढचा-मागचा दिवा चालू पाहिजे, ऑक्टोबरात पोलीस कोपऱ्यावर उभे असतात, दिव्याशिवाय २० युरो.

औषधांचं दोन ओळीत

डीएम-रॉसमान या दुकानांच्या शेल्फवर साबण-शाम्पू-व्हिटॅमिन मिळतील, पॅरासिटामॉल नाही, त्याला आपोथेक, म्हणजे औषधांचं दुकान, लागतं. नेहमीच्या गोळ्या प्रिस्क्रिप्शनसकट आणा, स्वतःपुरत्या, तीन महिने पुरतील त्याहून जास्त नाहीत.

आई-बाबांना बोलावणाऱ्यांसाठी

टॅक्स फ्री कुणी सांगत नाही. टुरिस्ट व्हिसावर आलेल्यांना एका दुकानातलं बिल ५० युरोच्या वर गेलं की टॅक्स परत मिळू शकतो. दुकानात पासपोर्ट दाखवून फॉर्म मागायचा, आणि परतीच्या दिवशी बॅग चेक-इन करण्याआधी कस्टमचा शिक्का घ्यायचा, वस्तू न वापरलेली, हाताशी ठेवलेली. बाबांनी सुऱ्यांचा सेट घेतला होता सोलिंगेनचा, तो बॅगेच्या तळाशी आणि बॅग बेल्टवर गेलेली, मग बाबा काउंटरवरच्या बाईंना मराठीत समजावतायत, त्या जर्मनमध्ये. बॅग परत काढून दिली त्यांनी, शिक्का मिळाला. रेसिडेन्स परमिट असलेल्या आपल्याला हे लागू नाही, त्यामुळे बिल त्यांच्या नावावर करा. विमान दुबईमार्गे असेल तर शिक्का जर्मनीतच, पॅरिस किंवा ॲम्स्टरडॅममार्गे असेल तर युरोपातल्या शेवटच्या विमानतळावर, आणि तिथे वेळ कमी असतो, सामान हँडबॅगेत ठेवा. सुऱ्या सोडून.