'रन'ला धाव नको, लड म्हणा

प्रश्न: द्विमान (फक्त ० आणि १ वापरून लिहिलेल्या) संख्येत तोच अंक लागोपाठ आला की त्या पट्ट्याला इंग्रजीत 'रन' म्हणतात. एका टिपणात 'धावलांबी' असं वाचलं. नागपुरात नववीच्या मराठी माध्यमाच्या मुलांना शिकवायचं आहे. बरा शब्द आहे का?

उत्तर: 'धाव' नकोच. मुलांना जामठ्याचं क्रिकेटचं मैदानच आठवेल. 'सलग'वरून 'सलगी' करायला जाऊ नका, त्याचा अर्थ जवळीक. 'लड' चपखल बसतो, फटाक्यांची असते तशी, एकाला एक लागून. १९ म्हणजे १००११, त्यात तीन लडी: १, ००, ११. मात्र आठ घरं भरायला पुढे शून्यं लिहिलीत, ०००१००११ अशी, तर एक खोटी लड वाढते. डावीकडून पहिला अंक १च हवा.

प्रश्न: लड पटली. आणखी एक: एखादी संख्या धन पूर्णांकांची बेरीज म्हणून लिहिणं, म्हणजे इंग्रजीतलं 'पार्टिशन', त्याला काय म्हणू?

उत्तर: 'पार्टिशन'ला 'विभाजन' रूढ आहे, तेच ठेवा. 'फाळणी'त १९४७ येतं. त्याच्या तुकड्यांना मात्र 'भाग' म्हणू नका, भागाकाराशी गोंधळ होतो. 'अवयव' गुणाकारात अडकलेला, 'घटक' संचात. 'हिस्सा' घ्या, सातबाऱ्यामुळे घरोघरी माहीत आहे. पाच संत्र्यांचे ढीग २ आणि ३ लावा की ३ आणि २, विभाजन एकच. क्रम मोजायचा असेल तर 'क्रमविभाजन' म्हणावं.

प्रत्येक संख्येच्या लडींवरून एक विभाजन काढायचं असेल तर हा फरक फार महत्त्वाचा. चार अंकी द्विमान संख्या आठ, ८ ते १५. त्यांच्या लडींच्या लांब्या म्हणजे ४ची आठही क्रमविभाजनं. पण ४ची विभाजनं पाचच! म्हणून लांब्या नुसत्या चढत्या लावल्या की टक्कर होते: ४ (१००) आणि ६ (११०), दोन्ही १, २.

प्रश्न: मग प्रत्येक संख्येला वेगळं विभाजन कसं द्यायचं?

उत्तर: लडी उजवीकडून मोजा. पहिल्या लडीची लांबी हाच पहिला हिस्सा. पुढचा हिस्सा = मागचा हिस्सा + लडीची लांबी − १. १९च्या लांब्या उजवीकडून २, २, १, हिस्से २, ३, ३, बेरीज ८. ते वजा एक विसरलात तर हिस्से नेहमी वाढतच जातील आणि २ + २ कधीच मिळणार नाही. डावीकडून मोजलं तरी जोड्या एकास एक लागतात, पण वेगळ्या: १४ (१११०) उजवीकडून १, ३ देतो, डावीकडून ३, ३. त्यामुळे दिशा आधीच लिहून ठेवा.

उलट, हिश्श्यांवरून संख्येकडे जायचं तर पहिली लड पहिल्या हिश्श्याइतकी, पुढे शेजारच्या हिश्श्यांतला फरक + १ ही लडीची लांबी.

शेवटचं: १, २, ३… या संख्यांच्या हिश्श्यांच्या बेरजा ओळीनं लिहा: १, २, २, ४, ३, ३, ३, ६… हिला 'श्रेढी' म्हणू नका, शाळेत श्रेढी म्हटलं की समान फरक अपेक्षित असतो. ही 'क्रमिका'. हिच्यात २ दोनदा येतो, ३ तीनदा आणि ४ पाच वेळा: ४, १०, १३, १४, १५ या जागी.