‘स्किट’ म्हणायचं, प्रहसन म्हणायचं का गंमत?

मागच्या आठवड्यात रात्री जेवणं आटोपून आम्ही सगळे टीव्हीवर महाराष्ट्राची हास्यजत्रा बघत बसलो होतो, एक स्किट संपलं, जाहिराती लागल्या आणि बाबा उठता उठता म्हणाले, "दुसरी गंमत लागन तं आवाज देजो मले." मी हो म्हटलं आणि मग एकदम डोक्यात आलं की बाबा कायम हाच शब्द वापरतात. स्किट नाही, कॉमेडी नाही, गंमत. त्यांचं लहानपण भंडाऱ्याकडच्या खेड्यात गेलं, दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरली की रात्री खडी गंमत असायची, तेव्हापासूनचा तो शब्द आहे त्यांच्या तोंडात. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते, खडी गंमत म्हणजे आमच्या पूर्वेकडच्या भागातली लोककला, शाहीर, ढोलकी, बायकांची कामंही पुरुषच करायचे, आणि कलाकार सगळं उभ्यानेच करतात म्हणून ‘खडी’. म्हणजे बाबांसाठी गंमत म्हणजे नुसती मजा नाही, तो एक खेळ आहे, लोकांसमोर उभं राहून करायचा.

मला हे कार्यक्रम मनापासून आवडतात. फू बाई फू पासून बघते आहे, मग २०१४ ला चला हवा येऊ द्या आलं, २०१८ ला हास्यजत्रा, एकही सोडलं नाही. दिवसभर ऑफिसमध्ये डोकं पिकून जातं आणि रात्री ते अर्धा तास बघितलं की बम बरं वाटतं. म्हणून या स्किटला आपला एक चांगला शब्द असावा असं मला खरंच वाटते.

आता बघा, ‘स्किट’ आपण मराठीच करून टाकलाय, ते स्किट, स्किटमधला, स्किटं बसवली, सगळं चालतं. तक्रार नाही. ‘नाटुकलं’ म्हटलं की शाळेतल्या लेकरांचं वाटतं. ‘नाट्यछटा’ तर काही लोक सरळ चुकीचा वापरतात, दिवाकरांच्या नाट्यछटेत एकच माणूस बोलत असतो आणि समोरचा काय म्हणाला ते आपण त्याच्या बोलण्यावरून ओळखायचं, चार जण स्टेजवर धिंगाणा घालताहेत त्याला नाट्यछटा कसं म्हणणार. ‘प्रहसन’ कार्यक्रमांत ऐकू येतो पण मला तो पेपरातल्या प्रश्नासारखा वाटतो, टिपा लिहा टाइप.

माझं मत ‘बतावणी’ला. तमाशात गण, गवळण झाली की वगाच्या आधी बतावणी असते, सोंगाड्या आणि दुसरा एक जण नुसतं बोलण्यातून हसवतात, आणि त्यातलं बरंचसं जागेवर सुचलेलं असतं. एक जण सरळ विचारतो, दुसरा वाकडं ऐकतो.

"कुठून आला रे?"
"घरून."
"घर कुठं तुझं?"
"जिथून आलो तिथंच."
"अन् निघाला कुठं?"
"घरी."

आता हास्यजत्रेतली समीर चौघुले आणि विशाखा सुभेदार यांची जोडी आठवा. ती चिडलेली, तो गोंधळलेला, ती एक विचारते तो भलतंच पकडून बसतो आणि तिचा आवाज चढत जातो तसतसं आपण हसून हसून आडवे. याचा सांगाडा बतावणीचाच आहे, कपडे आणि सेट तेवढे बदलले. तुम्हाला काय वाटतं?

प्रतिसाद:

ताई, बतावणी पटली पण प्रहसनावर अन्याय करून राहिल्या तुम्ही. नाट्यशास्त्रात रूपकाचे, म्हणजे रंगमंचावर करायच्या खेळाचे, दहा प्रकार सांगितलेत, त्यात नाटक आहे तसं प्रहसनही आहे. सातव्या शतकात पल्लव राजा महेंद्रवर्म्यानं लिहिलेलं मत्तविलास प्रहसन बघा, एका दारू प्यायलेल्या कापालिकाचं, म्हणजे एका पंथाच्या शैव साधूचं, कवटीचं भिक्षापात्र हरवतं, तो एका बौद्ध भिक्षूवर आळ घेतो, दोघं भर रस्त्यात भांडतात, आणि पात्र असतं कुत्र्यानं पळवलेलं. सांगा, आज टीव्हीवर केलं तर चालणार नाही का हे? शब्द जड नाहीये, आपण तो अभ्यासक्रमात ठेवून जड केला. आणि दहा प्रकारांतच ‘भाण’ पण आहे, एकच नट सगळं बोलतो तो. स्टँडअपवाल्यांना तो देऊन टाका. मी साठीचा माणूस, मुंबई दूरदर्शनच्या ‘गजरा’ कार्यक्रमातल्या छोट्या नाटिका मला अजून आठवतात, तेव्हा स्किट हा शब्द आमच्या घरात कोणाला माहीत पण नव्हता आणि काही अडत नव्हतं.

प्रतिसाद:

काका, कुत्र्याची गोष्ट वाचून मी बाबांना लगेच सांगितली, ते म्हणाले "हे तं गंमतच होय." तर प्रहसनाला माझी हरकत मागे. पण एक सांगू का, शब्द टिकतो तो त्याच्यासोबत क्रियापद कोणतं येतं त्याच्यावर. स्किट ‘बसवतात’, प्रहसन ‘सादर करतात’, बतावणी ‘रंगते’. ‘सादर करणे’ आलं की वाक्य आपोआप माइकवरचं होतं, घरात कोणी तसं बोलत नाही. गंमतीचा घोळ वेगळाच, ‘गंमत केली’ म्हटलं की कोणाची तरी मस्करी केली असा अर्थ होतो, म्हणून बाबा कधी ‘केली’ म्हणत नाहीत, ‘गंमत लागली’, ‘गंमत पाहिली’, ‘गंमत झाली’ असंच म्हणतात. मी हे तीनचार दिवस मुद्दाम ऐकलं.

प्रतिसाद:

क्रियापदावरून आठवलं. आमच्या नाटकाच्या ग्रुपमध्ये ‘लाफ्टर घेतला’ आणि ‘लाफ्टर खाल्ला’ असं म्हणतात. लोक हसत असताना थांबून पुढचं वाक्य टाकलं तर घेतला, आणि दुसऱ्यानं घाईत मध्येच तोंड उघडलं तर खाल्ला. पंच ‘बसला’ म्हणजे जमला. जोक ‘पडला’ म्हणजे गेला. पण ‘पंच पडला’ काही जण चांगल्या अर्थानं वापरतात त्यानं माझा गोंधळ होतो. अजून एक, स्किटमध्ये वऱ्हाडी पात्र आलं की दर वाक्याला ‘बे’ काऊन टाकतात? आपण वडलांना बे म्हणतो का?

प्रतिसाद:

दादा, अगदी मनातलं बोललात. ‘बे’ हा बरोबरीच्याचा शब्द आहे, दोस्ताला, लहान भावाला, चिडलो तर रिक्षावाल्याला. मोठ्याला ‘जी’. "काय जी काका, कुठं चालले?" हे ज्याच्या कानावर रोज पडतं तो लिहिताना चुकत नाही. मी एका स्किटमध्ये सुनेला सासऱ्याशी "काय बे" म्हणताना ऐकलं, बाबांनी टीव्हीकडे बघणंच सोडून दिलं, पुढचा जोक चांगला होता तोही वाया गेला. चला हवा येऊ द्या मधले भारत गणेशपुरे बोलतात तेव्हा असं होत नाही, कारण ते ‘काऊन’वर, म्हणजे आपल्या ‘का’वर, जोर देत नाहीत, तो शब्द वाक्यात वाहत येतो आणि हसू येतं ते माणसाच्या अडचणीचं, बोलीचं नाही. लिहिणाऱ्यांनी एवढं सांभाळलं तर आम्हाला अजून काही नको.

पंचाबद्दल, मी ‘बसला’च वापरते, आणि ‘पडला’ फक्त फसलेल्यासाठी ठेवला की गोंधळ राहत नाही.

आणि काका, कॉलनीच्या गणपतीतल्या कार्यक्रमांची यादी यंदा माझ्याकडे आहे. फळ्यावर दोघांच्या आयटमसमोर ‘बतावणी’ लिहिणार, पोट्ट्यांच्या मोठ्या ग्रुपसमोर ‘प्रहसन’, तुमच्यासाठी. माइकवर पुकारायचं काम बाबांकडे आहे, ते गंमतच म्हणतील.