मदत हवी आहे: सर्टिफिकेट असूनही क्लाउडवर बॅकअप जात नाही (तातडीचं)

काजूबोंडू: नमस्कार. चवथ आठ दिवसांवर आली, त्याआधी मला हे चालू करून द्यायचं आहे. डिचोलीच्या आमच्या काजू कारखान्यात लिनक्स सर्व्हर आहे, रोज रात्री बिलांचा बॅकअप क्लाउडवर जायचा. आधीच्या माणसाने अॅक्सेस की (क्लाउडची कायमची किल्ली) सरळ स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवली होती. तो काम सोडून गेला आणि तीच स्क्रिप्ट परवा आणखी दोन लॅपटॉपवर सापडली. मालक म्हणाले, कायमची किल्ली आता कुठेही नको. म्हणून सर्टिफिकेटवर (सर्व्हरच्या डिजिटल ओळखपत्रावर) प्रवेश द्यायचं ठरवलं. स्वतःची सीए (सर्टिफिकेटवर सही करणारी यंत्रणा) बनवली, सर्टिफिकेट काढलं, सगळं केलं, तरी अॅक्सेस डिनाइड. तीन रात्री गेल्या. कोणीतरी सांगा.

म्हापशेकर: कुठला क्लाउड? 'सगळं केलं' म्हणजे नेमकं काय? एररची अख्खी ओळ द्या.

टेंडरकाका: क्लास ३ चं डिजिटल सहीचं सर्टिफिकेट घ्या. क्लास २ तर १ जानेवारी २०२१ पासून देणंच बंद झालंय. आमचं ई-टेंडर असंच अडलं होतं. सहीच्या यूएसबी टोकनचा ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला आणि पाच मिनिटांत सही झाली.

म्हापशेकर: काका, ते माणसाने कागदपत्रांवर सही करायचं. इथे सर्व्हरची ओळख पटवायची आहे, टोकनचा संबंध नाही.

काजूबोंडू: एडब्ल्यूएस (अॅमेझॉनचा क्लाउड), त्यातली आयएएम रोल्स एनीव्हेअर, म्हणजे सर्टिफिकेट दाखवून तात्पुरती किल्ली घ्यायची सेवा. बकेट (फाइली ठेवायची जागा) मुंबई रीजनमध्ये. ट्रस्ट अँकर (आमच्या सीएची तिथली नोंद), प्रोफाइल, रोल (परवानग्यांचा संच) तिन्ही बनवलेत. एरर अॅक्सेस डिनाइडचीच आहे, वर लिहिली.

वास्को_गोदाम: घड्याळ बघा. विनंतीवर वेळेसकट सही होते, वेळ चुकली की ती नाकारतात. आमच्या गोदामात करंट गेला की जुनं मशीन मागच्या तारखेला जायचं. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदलला, त्यानंतर एकदाही त्रास नाही. आधी सेल बदला, मग बाकीचं.

काजूबोंडू: वेळ बरोबर आहे, क्रोनी (वेळ जुळवणारा प्रोग्राम) चालू आहे. फोनशी ताडून बघितली.

मुळगावचा: डिचोलीत कुठे हो कारखाना? आमच्याकडे काल पाच तास करंट नव्हता. सर्व्हरला इन्व्हर्टर तरी लावा.

जुना_अॅडमिन: इतका खटाटोप कशाला? एकाच बकेटपुरती अॅक्सेस की द्या, दर ९० दिवसांनी बदला. आणि ज्या माणसाने स्क्रिप्ट कॉपी केली तो सर्टिफिकेटची प्रायव्हेट की (त्याची गुप्त किल्ली) कॉपी करणार नाही कशावरून? तीही फाइलच.

म्हापशेकर: ९० दिवसांनी बदलणार कोण? तेच झालं नाही म्हणून तर ही वेळ आली. रोल्स एनीव्हेअरमध्ये मिळणारी किल्ली मुळात तासाभराची असते, वाढवली तरी १२ तास. प्रायव्हेट की फाइलमध्ये ठेवायचीच असं नाही, साइनिंग हेल्पर (एडब्ल्यूएसचा सही करणारा प्रोग्राम) टीपीएम या सुरक्षा चिपमधली कीसुद्धा वापरतो. आणि एक मशीन गेलं तर त्याचं एकट्याचं सर्टिफिकेट रद्द करता येतं, बाकीच्यांना धक्का नाही.

जुना_अॅडमिन: रद्द केलेल्यांची यादी तिथे स्वतः चढवावी लागते, ओसीएसपी (सर्टिफिकेट रद्द आहे का हे ऑनलाइन विचारायची पद्धत) ते बघत नाहीत. तेही हातकामच झालं ना?

म्हापशेकर: हो, हे मान्य. पण माणूस गेल्यावर एकदा करायचं काम आणि वर्षातून चारदा आठवणीने करायचं काम यात फरक आहे.

फर्मागुडी: घरची सीए चालवू नका. एडब्ल्यूएसची प्रायव्हेट सीए घ्या, नियम तेच सांभाळतात.

कोंब_मडगाव: महिना ४०० डॉलर! अल्पमुदतीच्या सर्टिफिकेटांपुरती घेतली तरी ५०. एका सर्व्हरसाठी? काजूबोंडू, कमांडच्या आउटपुटमधली शेवटची ओळ जशीच्या तशी द्या. आणि ओपनएसएसएलने (सर्टिफिकेटं बनवायच्या प्रोग्रामने) सर्टिफिकेट टेक्स्टमध्ये उघडून त्यात व्हर्जन किती दिसतं ते सांगा.

काजूबोंडू: 'अनट्रस्टेड सर्टिफिकेट. इनसफिशियंट सर्टिफिकेट.' आणि व्हर्जन १.

कोंब_मडगाव: मिळालं. त्यांना व्हर्जन ३ च लागतं. बेसिक कन्स्ट्रेंट्समध्ये सीए फॉल्स (म्हणजे हे स्वतः सीए नाही) हवं, की यूसेजमध्ये डिजिटल सिग्नेचर हवं आणि सही एसएचए२५६ किंवा त्याहून मजबूत. व्हर्जन १ मध्ये एक्स्टेन्शनच (अशा जादा नोंदी) नसतात.

काजूबोंडू: पण सीएसआर (सर्टिफिकेटसाठीचा अर्ज) बनवताना मी ही दोन्ही घातली होती! फाइल समोर आहे.

कोंब_मडगाव: सीएसआरमध्ये असतील. पण सीएने सही करताना ओपनएसएसएल ती आपणहून उचलत नाही, मागितल्याशिवाय गाळून टाकतं. सही करायच्या कमांडला एक्स्टेन्शनची फाइल वेगळी द्या. ओपनएसएसएल ३ असेल तर सीएसआरमधली कॉपी करायचा पर्यायही आहे. मी याच खड्ड्यात दोन दिवस होतो, म्हणून व्हर्जन विचारलं. ट्रस्ट अँकर तसाच राहू दे, फक्त सर्व्हरचं सर्टिफिकेट नव्याने काढा.

काजूबोंडू: व्हर्जन ३ झालं. आता वेगळीच एरर, रोल घेता येत नाही म्हणते.

म्हापशेकर: रोलच्या ट्रस्ट पॉलिसीत (रोल कोण घेऊ शकतं ते ठरवणाऱ्या नियमांत) असूमरोल ही परवानगी एकटीच असेल. टॅगसेशन आणि सेटसोर्सआयडेंटिटी ही दोन्हीही लागतात. त्याच ठिकाणी सर्टिफिकेटच्या नावाची अट घाला, नाहीतर तुमच्या सीएने सही केलेलं कुठलंही सर्टिफिकेट हा रोल घेईल.

काजूबोंडू: चाललं!! कालच्या रात्रीची फाइल बकेटमध्ये दिसतेय. कोंब_मडगाव, म्हापशेकर, मनापासून आभार. जुनी अॅक्सेस की आत्ताच बंद केली.

कोंब_मडगाव: छान. सीएची प्रायव्हेट की कुठे आहे?

काजूबोंडू: त्याच सर्व्हरवर.

कोंब_मडगाव: दादा, तिथून आज काढा. सर्व्हर कोणाच्या हाती लागला तर तो हवी तितकी सर्टिफिकेटं छापेल. पासवर्ड लावून दोन पेनड्राइव्हवर घ्या, एक मालकांच्या तिजोरीत, एक दुसऱ्या जागी.

जुना_अॅडमिन: आणि सर्टिफिकेट संपायची तारीख? तिथेच पुन्हा अडकाल.

काजूबोंडू: एक वर्षाचं काढलंय. ३० दिवस उरले की मेल येईल अशी तपासणी क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) लावतोय. पेनड्राइव्ह आणायला बाजारात निघालो.

टेंडरकाका: माझ्या टोकनलाही तारीख असते, ती कुठे बघायची?